मुद्दुपळनी आणि गाळलेली प्रस्तावना

तंजावरच्या मराठी दरबाराचा वाङ्मयेतिहास लिहिताना आपली दृष्टी सहसा भोसले राजांच्या मराठी नाटकांवरच खिळून राहते. वस्तुतः प्रतापसिंहाच्या कारकीर्दीत (१७३९–१७६३) तेथे निर्माण झालेले एक श्रेष्ठ काव्य तेलुगूत असून ते मुद्दुपळनी या दरबारी गणिकेने रचलेले आहे.

‘राधिकासांत्वनमु’ या ५८४ पद्यांच्या काव्यात राधा आपणच वाढविलेल्या इलेला कृष्णाच्या हाती देते आणि मग मत्सराने पोळून निघते. येथे आर्जव करावे लागते ते नायकाला. इच्छेचा अधिकार राधेकडे आहे. प्रस्तावनेत मुद्दुपळनीने आजी तंजनायकीचा आणि स्वतःच्या कीर्तीचा अभिमानपूर्वक उल्लेख केला आहे.

१८८७ च्या आवृत्तीतून काही पद्यांबरोबर ही प्रस्तावनाही गाळण्यात आली. पुढे वीरेशलिंगम् पंतुलूंनी काव्यास अश्लील ठरविले. गायिका बंगळूर नागरत्नम्मा यांनी १९१० मध्ये पूर्ण संहिता छापली आणि पुरुष कवींच्या शृंगाराला हाच न्याय का लावीत नाहीत, असा रोखठोक सवाल केला. सरकारने ग्रंथ जप्त केला; बंदी उठली ती १९४७ मध्ये.

अश्लीलतेच्या भयाने पद्ये गाळली असतील. पण वंशकथनात अश्लील ते काय होते? आक्षेप केवळ शब्दावर नव्हता, तो उच्चारणाऱ्या स्त्रीवरही होता. ज्या दरबाराचा आपण अभिमान बाळगतो, त्याच्या इतिहासातून हे नाव भाषाभेदास्तव वगळणे म्हणजे तीच प्रस्तावना पुन्हा एकदा गाळणे होय.