गॅस गिझर (घरगुती)

नळातून वाहणारे पाणी एलपीजीच्या किंवा नैसर्गिक वायूच्या ज्योतीवर तापवणारे घरगुती उपकरण. थंड देशांत गॅसवर अख्खे घर उबदार ठेवतात. चामोर्शीसारख्या (जि. गडचिरोली) गावात ती गरज नाही, डिसेंबर-जानेवारीतली थंडी शेकोटीवर निभावते. येथे गॅसचा विचार होतो तो आंघोळीच्या पाण्यासाठी.

पार्श्वभूमी : वैनगंगेकाठच्या या तालुक्यात पाणी पिढ्यानपिढ्या अंगणातल्या चुलीवर, गंजात किंवा बंबात तापत आले. त्याचे सरपण जंगलातून येते, आणि गडचिरोली-चंद्रपूर जिल्ह्यांत जंगलात गेलेल्या माणसांवर वाघांचे हल्ले होत असतात. प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेमुळे (१ मे २०१६) गॅस स्वयंपाकघरात आला, तरी अनेक घरांत आंघोळीचे पाणी चुलीवरच राहिले.

कार्य : नळ सोडताच पाण्याच्या दाबाने आतला पडदा सरकतो, गॅसची झडप उघडते आणि बॅटरीच्या ठिणगीने बर्नर पेटतो. पाणी तांब्याच्या नळ्यांतून जाताना तापते. नळ बंद केला की ज्योत विझते. वीज गेली तरी काम अडत नाही, मात्र पाण्याला दाब हवा. बैठ्या घराच्या छपरावर जेमतेम उंचीची टाकी असेल, तर बर्नर पेटतच नाही. म्हणून खरेदीआधी टाकीची उंची पाहावी. जड पाण्याच्या क्षारांनी नळ्या आतून चोंदतात. त्या वेळोवेळी साफ कराव्या लागतात.

इंधनाचा हिशेब : २० लिटरची बादली १८° से. वरून ४२° से. पर्यंत तापवायला सुमारे २,००० किलोजूल उष्णता लागते. उपकरणाची कार्यक्षमता ८० टक्के धरल्यास त्यासाठी सुमारे ५५ ग्रॅम एलपीजी जळतो. चौघांच्या घरात रोज चार बादल्या, म्हणजे महिन्याला साडेसहा किलोंच्या वर : १४.२ किलोच्या सिलिंडरचा जवळपास अर्धा भाग. विजेच्या रॉडला एका बादलीमागे अर्ध्या युनिटाहून थोडी जास्त वीज लागते. दोहोंत स्वस्त काय, हे सिलिंडरच्या चालू भावावर आणि वीजबिलातील युनिटच्या टप्प्यावर ठरते.

निवड : किंमत आणि कंपनी यांआधी जागेतली हवा पाहावी. एक किलो एलपीजी पूर्ण जळायला सुमारे १३ घनमीटर हवा लागते. चार फूट रुंद, सहा फूट लांब आणि आठ फूट उंच न्हाणीघरात मुळात साडेपाच घनमीटरच हवा असते. दार-खिडकी बंद करून चार बादल्या तापवल्या, तर तिच्यातील निम्म्याहून अधिक हवेचा प्राणवायू खर्ची पडेल. तो कमी होऊ लागला की ज्वलन अपुरे होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो.

धुराडे नसलेला गिझर स्वस्त असतो, पण जळालेला वायू खोलीतच सोडतो. तो न्हाणीघराबाहेर, पावसापासून आडोसा असलेल्या मोकळ्या भिंतीवर लावावा आणि आत फक्त पाण्याची नळी न्यावी. परसात न्हाणी असलेल्या घरांना हे सहज जमते. गिझर घरातच बसवणे भाग असेल, तर जळालेला वायू नळीने बाहेर टाकणारा प्रकार घ्यावा. एलपीजीच्या छोट्या गिझरसाठी आयएस १५५५८ हे भारतीय मानक आहे. त्याची खूण पाहावी. मुंबई-पुण्यात पाइपच्या वायूवर चालणारा गिझर सिलिंडरला तसाच जोडू नये. दोन्हींच्या नोझलची छिद्रे वेगळी असतात.

धोके : एलपीजी हवेहून जड असल्याने गळती झाली की जमिनीलगत साचतो, म्हणून सिलिंडर उभा आणि खाली झरोका असलेल्या जागी ठेवावा. गळती उग्र वासाने कळते. तशा वेळी विजेचे बटण चालू वा बंद न करता रेग्युलेटर बंद करून १९०६ वर कळवावे. कार्बन मोनॉक्साइडला मात्र रंग नाही, वासही नाही. तो रक्तातील हीमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोके जड होणे, मळमळ, चक्कर ही पहिली लक्षणे. पुढे शुद्ध हरपते. आंघोळीला गेलेले माणूस हाकेला ओ देत नसेल, तर दार उघडून त्याला आधी मोकळ्या हवेत आणावे, गॅस बंद करावा आणि १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. न्हाणीघराची कडी बाहेरूनही उघडता येईल अशी असावी.