दारासिंग चंद्रावर गेला तेव्हा

माणूस चंद्रावर उतरला १९६९ साली. आमचा दारासिंग दोन वर्षं आधीच जाऊन आला होता! ‘चाँद पर चढाई’, १९६७चा कृष्णधवल सिनेमा, दिग्दर्शक टी. पी. सुंदरम. ७२च्या दुष्काळात तापीकाठी सारंगखेड्याला, दत्ताच्या यात्रेत, तंबूतल्या टुरिंग टॉकीजमध्ये पाहिला. यान पुठ्ठ्याचं वाटे, अन् चंद्रावरही कुस्तीच. आम्ही पोरांनी शिट्ट्या मारल्या. वडील गप्प. दुष्काळी कामावर खडी फोडून आणलेल्या मजुरीतून तिकिटं काढलेली. घरची विहीर कोरडीठाक. परतताना एवढंच म्हणाले, “तठे पानी शे का रे?” मी हसलो.

२००९ साली बातमी आली, चांद्रयान-१ला चंद्रावर पाण्याच्या खुणा सापडल्या. सांगायला वडील राहिले नव्हते.