अकरा नोव्हेंबर : दोन मिनिटांची शांतता आणि दगडावर न आलेली नावं



आजचा भाग एका दिवसाबद्दल आहे. हा दिवस आपल्या कालनिर्णयात लाल अक्षरात नसतो आणि आपल्याकडे त्याची सुट्टीही नसते. पण ब्रिटन, फ्रान्स, बेल्जियम, कॅनडा, ऑस्ट्रेलिया या देशांत ११ नोव्हेंबरला सकाळी ११ वाजता माणसं असतील तिथे थांबतात आणि एक-दोन मिनिटं कुणी बोलत नाही. ब्रिटनसारख्या देशांत कोटावर लाल कागदी फूल लावलेलं असतं. युद्धात गेलेल्या सैनिकांना आठवण्याचा हा दिवस. फ्रान्समध्ये १९२२ पासून ही सार्वजनिक सुट्टी आहे.

तुम्ही म्हणाल, त्यांचा दिवस आहे, आपला त्याच्याशी काय संबंध? आहे. ज्या युद्धातून हा दिवस जन्माला आला, त्यात हिंदुस्थानातून दहा लाखांहून अधिक माणसं समुद्रापार गेली. त्यातली ७४ हजारांहून अधिक परत आली नाहीत. त्यांत पंजाबी होते, गढवाली होते, गुरखे होते, पठाण होते आणि सातारा-रत्नागिरीकडचे मराठेही होते. म्हणून आज दोन गोष्टी पाहू. हा दिवस कसा सुरू झाला, आणि आपल्या माणसांच्या वाट्याला त्या स्मरणातलं किती आलं.

दिवस कसा ठरला

११ नोव्हेंबर १९१८. फ्रान्समध्ये कॉम्पिएन्यच्या जंगलात रेल्वेचा एक डबा उभा होता. त्या डब्यात पहाटे पाचच्या सुमारास जर्मनीच्या प्रतिनिधींनी शस्त्रसंधीवर सह्या केल्या. अंमल सकाळी ११ वाजता सुरू होणार होता. म्हणजे सह्या झाल्यावरही तोफा सहा तास चालू होत्या, आणि त्या सहा तासांतही माणसं मेली. अकराव्या महिन्याचा अकरावा दिवस, अकरावा तास. लक्षात ठेवायला सोपा, म्हणून तो पक्का बसला.

पण शांत उभं राहण्याची कल्पना युरोपातली नाही. ती आली दक्षिण आफ्रिकेतून. युद्ध चालू असतानाच केपटाउन शहरात रोज दुपारी तोफ झाली की सगळे व्यवहार थोडा वेळ थांबवायचे, अशी प्रथा १९१८ मध्ये सुरू झाली होती. सर पर्सी फिट्झपॅट्रिक या तिथल्या राजकारणी लेखकाचा मुलगा फ्रान्सच्या आघाडीवर मारला गेला होता. त्यांनी लंडनला सुचवलं की हे सगळ्या साम्राज्यात करावं. राजा पंचम जॉर्ज यांना कल्पना पटली. ७ नोव्हेंबर १९१९ ला त्यांचं आवाहन प्रसिद्ध झालं, आणि चारच दिवसांनी पहिली दोन मिनिटं पाळली गेली.

लंडनचं सेनोटॅफ हे स्मारकसुद्धा असंच, जवळजवळ अपघातानं झालं. १९ जुलै १९१९ ला विजयाचं संचलन होतं. त्यासाठी एडविन लुट्येन्स या वास्तुविशारदानं लाकूड आणि प्लॅस्टरचा एक तात्पुरता चौथरा उभा केला. सेनोटॅफ म्हणजे रिकामं थडगं. ब्रिटननं आपल्या सैनिकांचे मृतदेह मायदेशी आणायचे नाहीत असं ठरवलं होतं. त्यामुळे लाखो घरांना दुःख होतं, पण फूल ठेवायला जागा नव्हती. संचलन संपलं आणि लोकांनी त्या प्लॅस्टरच्या चौथऱ्याभोवती फुलांचे ढीग लावले. शेवटी सरकारनं तोच चौथरा दगडात बांधला. ११ नोव्हेंबर १९२० ला त्याचं अनावरण झालं, आणि त्याच दिवशी एका अज्ञात सैनिकाचं वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफन झालं. ओळख न पटलेला तो एक सैनिक. ज्या घरातलं माणूस सापडलंच नाही, त्या प्रत्येक घराला तो आपला वाटावा, हा हेतू.

लाल फुलाची गोष्ट थोडक्यात. फ्लँडर्समध्ये, म्हणजे बेल्जियमच्या त्या भागात, तोफगोळ्यांनी उकरलेल्या जमिनीवर रानटी खसखशीची लाल फुलं उगवायची. कॅनडाच्या सैन्यातले डॉक्टर जॉन मॅक्रे यांनी १९१५ मध्ये त्यावर कविता लिहिली. ती वाचून अमेरिकेतल्या मोइना मायकेल या शिक्षिकेनं ते फूल लावायला सुरुवात केली. फ्रान्सच्या ॲना गेरँ यांनी कापडी फुलं विकून युद्धग्रस्तांसाठी पैसा उभा केला. १९२१ पासून ब्रिटनमध्येही ही फुलं विकली जाऊ लागली. १९३३ मध्ये तिथल्या सहकारी चळवळीतल्या स्त्रियांनी पांढरं फूल काढलं. गेलेल्यांना आठवायचं, पण पुढचं युद्ध नको, हे त्यांचं म्हणणं. म्हणजे या दिवसाचा अर्थ काय, यावर तिथेही वाद होतेच.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमधला मुख्य समारंभ नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी होऊ लागला. बिगुलावर ‘लास्ट पोस्ट’, मग शांतता, मग पुन्हा बिगूल, मग पुष्पचक्रं. आपल्याकडे हुतात्मा जवानाला मानवंदना देताना जो बिगूल वाजतो, तो हाच.

आपली माणसं कुठे होती

आता आपल्याकडे वळू. १९१४ च्या सप्टेंबरअखेर लाहोर आणि मेरठ या डिव्हिजनांच्या तुकड्या मार्सेल्स बंदरात उतरू लागल्या. ऑक्टोबरात त्यांतल्या काही बेल्जियममध्ये ईप्रच्या आघाडीवर पोचल्या. तिथे खुदादाद खान यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. मार्च १९१५ मध्ये फ्रान्समधल्या नव्ह शापेलच्या लढाईत हल्ला करणाऱ्या फौजेचा मोठा हिस्सा भारतीय होता.

मराठी माणसाच्या दृष्टीनं मात्र जास्त जवळची आघाडी म्हणजे मेसोपोटेमिया, आजचा इराक. ६ नोव्हेंबर १९१४ ला फाओ इथे जी फौज उतरली, ती सहावी डिव्हिजन. तिचं नावच पूना डिव्हिजन. ११७ वी मराठा पलटण तिच्यात होती. पुढे १०३ आणि ११० या मराठा पलटणीही याच डिव्हिजनमध्ये लढल्या. बसरा घेतलं, तिग्रिस नदीच्या कडेनं वर सरकत बगदादच्या अलीकडे टेसिफॉनपर्यंत धडक मारली. तिथे नोव्हेंबर १९१५ मध्ये प्रचंड हानी झाली, फौज मागे फिरली आणि कूत अल अमारा या गावात अडकली. डिसेंबरपासून वेढा पडला. आत दाणागोटा संपत गेला, घोडे कापून खायची वेळ आली. २९ एप्रिल १९१६ ला कूत पडलं. सुमारे १३ हजार माणसं तुर्कांच्या कैदेत गेली. उन्हात, वाळवंटातून पायी. त्यातले कित्येक हजार वाटेत आणि छावण्यांत संपले.

मंडळी, आपल्याकडे पानिपत माहीत नाही असा माणूस सापडणार नाही. पण ‘कूत’ म्हटलं तर किती जण मान डोलावतील?

एकाच नियमाचे दोन अर्थ

या मृतांची आठवण ठेवण्यासाठी १९१७ मध्ये एक संस्था स्थापन झाली : इम्पीरियल वॉर ग्रेव्हज कमिशन. फेबियन वेअर हे तिचे प्रवर्तक. या संस्थेनं एक तत्त्व ठरवलं, आणि ते त्या काळाच्या मानानं फार मोठं होतं. जनरल असो की साधा शिपाई, कुठल्याही वंशाचा, धर्माचा असो, सगळ्यांना सारखा मान. प्रत्येकाचं नाव दगडावर कोरायचं. कबर असेल तर कबरीवर, नसेल तर स्मारकाच्या भिंतीवर.

युरोपात हे बऱ्याच अंशी पाळलं गेलं. ईप्रच्या मेनिन गेटवर ५४ हजारांहून अधिक नावं आहेत, त्यांत भारतीय सैनिकही आहेत. नव्ह शापेलला हर्बर्ट बेकर यांनी बांधलेलं भारतीय स्मारक आहे. गोलाकार भिंत, सांचीच्या स्तूपासारखी दगडी जाळी आणि उंच स्तंभ. १९२७ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. तिथे सुमारे ४,७०० नावं आहेत. इंग्लंडमध्ये ब्रायटनजवळच्या टेकडीवर तर चक्क एक छत्री आहे. ब्रायटनच्या राजवाड्यात जखमी भारतीयांसाठी इस्पितळ होतं. ब्रायटनमध्ये वारलेल्या ५३ हिंदू आणि शीख सैनिकांना त्या टेकडीवर अग्नी दिला गेला. १९२१ मध्ये तिथे संगमरवरी छत्री उभी राहिली. आराखडा मुंबईच्या ई. सी. हेन्रिकेस या तरुण वास्तुविशारदाचा. पण त्या ५३ जणांची नावं तिथे दगडावर यायला २०१० साल उजाडावं लागलं.

आणि बसरा? १९२९ मध्ये तिथे मोठं स्मारक झालं. मेसोपोटेमियात गेलेल्या आणि कबर माहीत नसलेल्या ४० हजारांहून अधिक सैनिकांसाठी. त्यांतले बहुसंख्य भारतीय. पण भिंतीवर काय कोरलं? ब्रिटिश सैनिकांची, अगदी शिपायांचीही नावं. भारतीय पलटणींच्या बाबतीत अधिकाऱ्यांची नावं, आणि मग खाली फक्त आकडा : आणि इतर इतके भारतीय सैनिक. सुभेदाराचं नाव आहे, शिपायाचं नाही. नावं ठाऊक नव्हती असं म्हणावं, तर ती कमिशनच्या छापील नोंदवहीत होती. दगडावर मात्र आली नाहीत. पूना डिव्हिजनमधला एखादा शिपाई त्या आकड्यातला एक झाला.

याचा हिशेब व्हायला शंभर वर्षं गेली. कमिशननं नेमलेल्या समितीचा अहवाल एप्रिल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. आशिया आणि आफ्रिकेतल्या सुमारे ४५ ते ५४ हजार मृतांना बरोबरीचा मान दिला गेला नाही, आणि आणखी किमान १ लाख १६ हजार जणांची नावानं नोंदच झाली नाही, कदाचित अजिबातच आठवण ठेवली गेली नाही, असं त्यात म्हटलं आहे. ही माणसं नावाच्या स्मारकाची किंमत जाणणाऱ्या समाजातली नाहीत, अशी तेव्हाच्या अधिकाऱ्यांची समजूत होती. ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी संसदेत माफी मागितली.

आमच्याकडे ही समज नव्हती?

या समजुतीपाशी जरा थांबू या.

महाराष्ट्रात, कर्नाटकात, गोव्यात कुठल्याही जुन्या देवळाच्या आवारात बघा. वीरगळ सापडेल. खालच्या चौकटीत लढाई आणि पडलेला वीर, मधल्यात अप्सरा त्याला वर नेताहेत, वरच्यात तो शिवलिंगाची पूजा करतोय, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. चंद्रसूर्य असेतो ही आठवण राहील, असा त्याचा अर्थ. मुंबईत बोरिवलीच्या एक्सरला तर आरमारी लढाईचे वीरगळ आहेत. आणि पंचांग उघडा. पितृपक्षात भाद्रपद वद्य चतुर्दशीला ‘शस्त्रादिहत पितृश्राद्ध’ लिहिलेलं असतं. शस्त्रानं मेलेल्यांसाठी राखलेली तिथी. युरोपात ११ नोव्हेंबर ठरण्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या वर्षात हा दिवस आहे.

अर्थात, आपणही खरं बोलू या. महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर नाव नसतं. वीर कुणाचा कोण, हे गाव विसरून गेलं. काही ठिकाणी त्याचा देव झाला, काही ठिकाणी त्यावर कपडे धुतले जातात. स्मरणाची रीत होती, पण नाव टिकवण्यात आपणही कमी पडलो. इंग्रजांच्या अन्यायाची यादी करताना हे झाकून ठेवता येणार नाही.

दिल्लीत काय झालं

लंडनचं सेनोटॅफ बांधणाऱ्या लुट्येन्सनंच दिल्लीचं इंडिया गेट बांधलं. १९२१ मध्ये पायाभरणी, १९३१ मध्ये उद्घाटन. त्याच्या दगडांवर १३ हजारांहून अधिक नावं कोरलेली आहेत. आपण तिथे जाऊन आइस्क्रीम खातो, फोटो काढतो. वर मान करून ती नावं वाचणारे थोडे. १९७१ च्या युद्धानंतर, २६ जानेवारी १९७२ ला, तिथे अमर जवान ज्योती आली. स्वतंत्र भारताच्या शहिदांसाठी नावांसह स्मारक व्हायला मात्र २५ फेब्रुवारी २०१९ उजाडलं. शेजारच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकाच्या त्यागचक्रात पंचवीस हजारांहून अधिक नावं आहेत, प्रत्येकाची वेगळी पाटी. २०२२ मध्ये ज्योतही तिकडच्या ज्योतीत विलीन झाली. ती हलवावी की नाही यावर वाद झाला. पण एक गोष्ट चांगली झाली : आता शिपायाचंही नाव दगडावर आहे, आणि ते सुभेदाराच्या नावाइतकंच मोठं आहे.

पहिल्या महायुद्धातल्या आपल्या माणसांचा प्रश्न मात्र अडचणीचा आहे. ते परक्या राजासाठी लढले. काही पोटासाठी गेले, काही पलटणीच्या इभ्रतीसाठी, काहींना भरतीच्या दडपणानं जावं लागलं. स्वातंत्र्यानंतर त्यांना कुठे बसवायचं हे आपल्याला कळलं नाही. ब्रिटननं त्यांना आकडा केलं आणि आपण त्यांना वगळलं. माझं मत विचाराल, तर साम्राज्याचा गौरव न करताही माणसाचं नाव घेता येतं. श्राद्ध घालताना मेलेला कुठल्या बाजूनं लढला, हे आपण विचारत नाही.

म्हणून शेवटी एक काम सांगतो. कमिशनच्या संकेतस्थळावर आता ही नावं शोधता येतात, बसऱ्याचीसुद्धा. अनेक नोंदींत बापाचं नाव, गाव, जिल्हा आहे. स्पेलिंग साहेबाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं आहे, त्यामुळे दोन-तीन प्रकारे शोधावं लागेल. तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला, बेळगावला की हैदराबादला, आपल्या मूळ गावाचं नाव टाकून पाहा. सापडलं तर ते कागदावर उतरवून घ्या आणि गावच्या शाळेत द्या. आणि येत्या ११ नोव्हेंबरला, किंवा पितृपक्षातल्या चतुर्दशीला, ते एकदा मोठ्यानं वाचा. दोन मिनिटं पुरतील.