खोट्या संदेष्ट्यांची पारख

डोंगरावरील प्रवचनाच्या अखेरीस प्रभू येशूने आपल्या शिष्यांना खोट्या संदेष्ट्यांविषयी सावध केले आहे (मत्तय ७:१५-२३). त्यासाठी त्याने मेंढराचे कातडे पांघरलेल्या लांडग्याची उपमा दिली. या उपमेचे मर्म ध्यानात घेण्याजोगे आहे. रानातला लांडगा कोणालाही ओळखता येतो. कळपात शिरलेला लांडगा मात्र मेंढरासारखाच दिसतो. खोटा संदेष्टा देवाची निंदा करीत येत नाही. तो हाती बायबल घेऊन येतो, येशूचे नाव घेतो, आजाऱ्यांवर हात ठेवतो आणि पुष्कळदा आपल्यापेक्षा अधिक वेळ प्रार्थनाही करतो. म्हणूनच त्याची पारख करणे कठीण असते आणि म्हणूनच ते आवश्यक असते.

मध्य रेल्वेच्या कल्याण-कसारा मार्गावर टिटवाळा आणि वासिंद या स्थानकांच्या मध्ये, भातसा नदीच्या काठी खडवली वसले आहे. अशा गावांत आणि नव्या वसाहतींत नोकरीधंद्यासाठी आलेल्या कॅथलिक कुटुंबांना मोठ्या धर्मग्रामाचा रोजचा आधार सहज मिळत नाही. नातेवाईक दूर असतात, रविवारच्या मिस्सासाठी प्रवास करावा लागतो. घरात दीर्घ आजार, कर्ज किंवा दारूचे व्यसन शिरले की कोणी शेजारच्या इमारतीतील प्रार्थनेला बोलावतो. बोलावणारा बहुधा सद्भावनेनेच बोलावीत असतो. परंतु तेथे जो कोणी देवाच्या नावाने बोलतो, त्याचे बोलणे तपासून पाहण्याचा अधिकार आणि कर्तव्य भाविकाला आहे. ते कसे तपासावे, याचे मार्गदर्शन पवित्र शास्त्रात आणि ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीत मिळते.

संदेष्टा कोणाला म्हणावे?

बायबलमधील संदेष्टा म्हणजे भविष्य सांगणारा ज्योतिषी नव्हे. देवाचे म्हणणे लोकांपुढे मांडणारा तो संदेष्टा. नाथान दाविद राजाला त्याचे पाप दाखवून देतो, आमोस गरिबांना लुबाडणाऱ्यांना जाब विचारतो. बाप्तिस्म्याद्वारे प्रत्येक ख्रिस्ती व्यक्तीला ख्रिस्ताच्या संदेष्टेपणाचा वाटा लाभतो, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 'लुमेन जेन्सियुम' या १९६४ च्या दस्तऐवजात (क्र. १२) शिकविले. त्याच ठिकाणी परिषदेने असेही सांगितले की कृपादाने खरी आहेत की नाहीत, हे ठरविण्याची जबाबदारी ख्रिस्तसभेच्या मेंढपाळांवर आहे. संत पौल थेस्सलनीकाकरांना (१ थेस्स. ५:१९-२१) आत्म्याला विझवू नका आणि सर्व गोष्टी पारखून घ्या, अशा दोन्ही सूचना एका दमात करतो. सरसकट नाकारणे आणि सरसकट मान्य करणे, ही दोन्ही टोके त्याने टाळली आहेत.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. अन्य ख्रिस्ती पंथांचा प्रत्येक पाळक किंवा प्रचारक हा खोटा संदेष्टा नव्हे. १९६४ सालीच ख्रिस्ती ऐक्याविषयीच्या दस्तऐवजात परिषदेने त्या बंधुभगिनींकडे आदराने पाहण्यास सांगितले. पंडिता रमाबाईंचे केडगाव येथील सेवाकार्य आणि रेव्ह. नारायण वामन टिळकांची भजने हे मराठी ख्रिस्ती जीवनाचे सामाईक धन आहे. उलट, खोटा संदेष्टा कॅथलिक घराण्यातूनही निघू शकतो आणि जपमाळ हाती घेऊनही बोलू शकतो. प्रश्न पंथाच्या नावाचा नसून त्या व्यक्तीच्या शिकवणुकीचा आणि वागणुकीचा आहे.

पवित्र शास्त्रातील कसोट्या

पहिली कसोटी शिकवणुकीची. अनुवादाच्या तेराव्या अध्यायात मोशे विलक्षण सूचना करतो: एखाद्याने सांगितलेले चिन्ह प्रत्यक्ष घडून आले, तरीही तो लोकांना खऱ्या देवापासून दूर नेत असेल तर त्याचे ऐकू नये. चमत्कार घडला म्हणजे माणूस खरा ठरला, असा हिशेब शास्त्र मांडत नाही. संत पौलानेही गलतीकरांना बजावले आहे की स्वर्गातील दूताने येऊन वेगळे शुभवर्तमान सांगितले तरी ते स्वीकारू नये (गलती १:८).

दुसरी कसोटी भाकिताची. देवाच्या नावाने सांगितलेली गोष्ट घडली नाही, तर ती देवाकडून नव्हती (अनुवाद १८:२२). यिर्मयाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायातील हनन्या हे याचे बोलके उदाहरण आहे. बाबेलचे जोखड दोन वर्षांत मोडेल, असे त्याने मंदिरात सर्वांसमोर जाहीर केले. लोकांना जे ऐकायचे होते तेच त्याने सांगितले. यिर्मयाने मात्र त्यांना न रुचणारे सत्य सांगितले. हनन्याचे भाकीत खोटे ठरले. ऐकणाऱ्यांना केवळ सुखावणारा संदेश अधिक काळजीने तपासावा, हा यातील बोध.

तिसरी कसोटी ख्रिस्ताची. येशू ख्रिस्त देह धारण करून आला हे जो आत्मा कबूल करतो, तो देवाचा, असे संत योहान सांगतो (१ योहान ४:१-३). जेथे हळूहळू येशू मागे पडतो आणि उपदेशकाचे नाव, त्याचे छायाचित्र, त्याचे तेल व त्याचे वचन पुढे येते, तेथे सावध व्हावे.

चौथी कसोटी फळांची. प्रभूच्या नावाने भाकिते केली, भुते काढली असे सांगणाऱ्यांनाही तो अखेरीस ओळख देणार नाही, हे त्याच मत्तय ७ मध्ये आले आहे. आत्म्याची फळे संत पौलाने गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात मोजून दिली आहेत. त्यांत प्रीती, शांती, सौम्यता व आत्मसंयम आहेत. भीती, भांडणे व फुटलेली कुटुंबे त्या यादीत नाहीत.

पाचवी कसोटी पैशाची. पैसे घेऊन भविष्य सांगणाऱ्या संदेष्ट्यांचा मीखाने निषेध केला (मीखा ३:११). पवित्र आत्म्याचे दान पैशाने विकत घेऊ पाहणाऱ्या शिमोनाला पेत्राने कठोर शब्दांत धुडकावले (प्रेषितांची कृत्ये ८).

आरंभीच्या ख्रिस्तसभेचा अनुभव

'दिदाखे' किंवा 'बारा प्रेषितांची शिकवण' हा अगदी आरंभीच्या काळातील छोटा ग्रंथ आहे. गावोगाव फिरणाऱ्या प्रेषितांचे व संदेष्ट्यांचे स्वागत कसे करावे, हे त्यात सांगितले आहे. त्यातील नियम साधे आहेत: पाहुणा प्रेषित एक दिवस, गरज असेल तर दोन दिवस राहील, तीन दिवस राहिला तर तो खोटा. आत्म्याच्या आवेशात स्वतःसाठी पैसे मागणारा खोटा. सत्य शिकवूनही स्वतः तसे न वागणारा खोटा. गावातील सामान्य भाविकांना वापरता येतील अशाच या कसोट्या होत्या.

दुसऱ्या शतकात फ्रिगिया प्रांतात मोंटानुस आणि त्याच्यासोबत प्रिस्किल्ला व माक्सिमिल्ला यांनी नव्या प्रकटीकरणाचा दावा केला. त्यांचे उपवास कडक होते आणि उत्साह मोठा होता. तर्तुल्यानासारखा विद्वानही त्यांच्याकडे ओढला गेला. मात्र आपल्या मुखातून निघालेला शब्द इतरांनी तपासावा, हे त्यांना मान्य नव्हते. ख्रिस्तसभेने त्यांना नाकारले. विद्वत्ता आणि तपस्या ही सत्याची हमी नव्हे, हे तेव्हाच स्पष्ट झाले.

ख्रिस्तसभा तपास कसा करते?

देवाचे प्रकटीकरण येशू ख्रिस्तामध्ये पूर्ण झाले आहे. खाजगी प्रकटीकरणे त्यात भर घालीत नाहीत किंवा दुरुस्ती करीत नाहीत, ख्रिस्तसभेने मान्य केलेली प्रकटीकरणे विशिष्ट काळात तेच प्रकटीकरण अधिक पूर्णपणे जगण्यास साह्य करतात, असे कॅथलिक ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथ (क्र. ६७) सांगतो.

अशा दाव्यांच्या तपासासाठी रोमने १९७८ साली नियम केले होते. त्यांची जागा १९ मे २०२४ पासून नव्या नियमांनी घेतली आहे. स्थानिक बिशप तपास करतात आणि श्रद्धासिद्धान्त विभागाच्या संमतीने निष्कर्ष जाहीर करतात. 'हरकत नाही' येथपासून 'हे अलौकिक नाही' येथपर्यंत सहा प्रकारचे निष्कर्ष संभवतात. उघड आर्थिक लाभ, सत्ता किंवा कीर्तीचा हव्यास, शिकवणुकीतील चुका आणि फुटीर वृत्ती ही प्रतिकूल लक्षणे मानली जातात. अलौकिक अनुभवाच्या नावाखाली माणसांवर ताबा मिळविणे किंवा त्यांचे शोषण करणे विशेष गंभीर आहे, असेही या नियमांत म्हटले आहे.

खरा साक्षीदार या तपासाला घाबरत नाही. लुर्द येथे १८५८ साली पवित्र मारियेचे दर्शन झाल्याचे बर्नादेतने सांगितले. तिची पुनःपुन्हा उलटतपासणी झाली. घरी अठराविश्वे दारिद्र्य असूनही तिने कोणाची भेट स्वीकारली नाही. बिशपांनी १८६२ साली अनुकूल निर्णय दिला. पोलंडच्या संत फाउस्तिना यांची वरिष्ठांनी मनोविकारतज्ज्ञाकडून तपासणी करविली. त्यांनी ती निमूटपणे मान्य केली. त्यांच्या मृत्यूनंतर १९५९ साली त्यांच्या लिखाणाच्या प्रसारावर रोमने बंदी घातली, ती १९७८ साली उठली आणि २००० साली त्या संत घोषित झाल्या. त्यांच्या समर्थकांनी वेगळी चूल मांडली नाही. याउलट वासुला रायडेन यांच्या कथित संदेशांत सैद्धान्तिक चुका आढळल्याने त्यांच्या प्रसाराला धर्मप्रांतांत स्थान देऊ नये, अशी सूचना रोमने १९९५ साली दिली. तपासाअंती दोन्ही प्रकारचे निर्णय होऊ शकतात, हे यावरून दिसते.

आंधळ्या आज्ञापालनाचे परिणाम

युगांडातील कानुंगू येथे 'दहा आज्ञांचे पुनःस्थापन' करू पाहणारी एक चळवळ होती. पवित्र मारियेच्या दर्शनाचा दावा करणाऱ्या कॅथलिक पार्श्वभूमीच्या व्यक्तींनीच ती उभारली. १९९९ च्या अखेरीस जगाचा अंत होईल, असे सांगण्यात आले. लोकांनी मालमत्ता विकून पैसे दिले. भाकीत खोटे ठरले. १७ मार्च २००० रोजी तेथील प्रार्थनागृहाला लागलेल्या आगीत शेकडो लोक मृत्युमुखी पडले. केनियातील शाकाहोलाच्या जंगलात २०२३ साली चारशेहून अधिक मृतदेह उकरून काढण्यात आले. उपवास करून प्राण सोडल्यास येशूची भेट होईल, असे त्या भाविकांना सांगितले गेल्याचे तपासात पुढे आले.

ही उदाहरणे दूरची वाटतात. पण पहिली पायरी सर्वत्र सारखीच असते: उपदेशकाला प्रश्न विचारणे म्हणजे देवाला प्रश्न विचारणे, हे भाविकाच्या मनावर बिंबविले जाते.

आजार, औषध आणि प्रार्थना

आपल्या भागात धोका बहुधा औषधाच्या वाटेने येतो. क्षयरोगाच्या गोळ्या मध्येच सोडल्या तर रोग औषधांना दाद देईनासा होतो. इन्सुलिन थांबविले तर प्राणावर बेतू शकते. फेफऱ्याच्या रुग्णाला भूतबाधा झाली असे म्हणून उपचार बंद केले तर त्याचे हाल होतात. बेन सिराच्या ग्रंथातील अडतिसावा अध्याय (१-१४) वैद्याचा मान राखण्यास सांगतो, कारण त्यालाही देवानेच निर्माण केले आणि औषधे देवानेच जमिनीतून उपजविली. तेथे प्रार्थना आणि वैद्य एकत्र आहेत. ख्रिस्तसभा रुग्णाला तैलाभ्यंगाचा संस्कार देते, मात्र त्यासाठी औषध सोडायला सांगत नाही.

आरोग्यप्रार्थनांविषयी रोमने १४ सप्टेंबर २००० रोजी सूचना दिल्या. उन्माद, नाटकीपणा आणि सनसनाटी टाळावी, अशा प्रार्थनांवर बिशपांची देखरेख असावी आणि त्यांत भूतनिःसारणाची सरमिसळ करू नये, असे त्यांत म्हटले आहे. भूतनिःसारणाचा विधी बिशपांची खास परवानगी मिळालेल्या धर्मगुरूनेच करावा, असा ख्रिस्तसभेचा कायदा (कलम ११७२) आहे.

देशाचा कायदाही येथे लागू होतो. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार चमत्काराच्या नावाने फसवून पैसे उकळणे, तसेच साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या व्यक्तीला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे, हे गुन्हे आहेत. त्यासाठी सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड होऊ शकतो. तक्रार पोलीस ठाण्यात करता येते. हा कायदा प्रार्थनेविरुद्ध नाही, फसवणुकीविरुद्ध आहे.

भाविकाने विचारावयाचे प्रश्न

प्रार्थनासभेला जाण्यापूर्वी पुढील प्रश्न स्वतःला विचारावेत:

१. ही सभा कोणाच्या परवानगीने भरते? कॅथलिक म्हणून भरत असेल तर प्रमुख धर्मगुरूंना तिची माहिती आहे काय?
२. उपदेशकाची चूक दाखविणारे कोणी आहे काय? तो कोणाला जबाबदार आहे?
३. मिस्सा, पापनिवेदन आणि पवित्र मारियेचा मान यांपासून तेथे दूर केले जाते काय?
४. पैशाचा हिशेब कोण ठेवतो? आशीर्वादाचे प्रमाण देणगीवर ठरते काय?
५. औषध बंद करण्यास किंवा डॉक्टरांपासून आजार लपविण्यास सांगितले जाते काय?
६. 'घरी सांगू नका' असे बजावले जाते काय? आजार बरा न झाल्यास दोष रुग्णाच्या अपुऱ्या विश्वासावर ढकलला जातो काय?

पाचव्या किंवा सहाव्या प्रश्नाचे उत्तर 'होय' असेल तर तेथून त्वरित बाहेर पडावे व धर्मगुरूंना कळवावे. रुग्णाचे औषध थांबले असेल तर प्रथम डॉक्टरांकडे न्यावे.

समाजाची जबाबदारी

जे कुटुंब अशा ठिकाणी अडकले आहे, त्याची टिंगल करू नये. ते तेथे का गेले, हे आधी समजून घ्यावे. पुष्कळदा उत्तर सोपे असते: कोणीतरी त्यांचे नाव विचारले, आजाऱ्याजवळ तासभर बसले, रात्री फोन उचलला. मेंढरू हरवल्यावर मेंढपाळाने त्याला शोधायला जायचे असते (लूक १५). लघु ख्रिस्ती समूहांनी आपल्या परिसरातील नव्या कुटुंबांची नोंद ठेवावी, आजाऱ्यांची नावे धर्मगुरूंना कळवावीत, ज्यांना मिस्साला जाण्याची सोय नाही त्यांना सोबत न्यावे. बायबलचे नियमित वाचन आणि प्रौढांसाठी धर्मशिक्षण यांचीही तितकीच गरज आहे. ज्याला खरे नाणे हाताळण्याची सवय आहे, त्याला खोटे नाणे चटकन ओळखता येते.

संत पौलाने करिंथकरांना सांगितले की संदेष्ट्यांनी बोलावे आणि इतरांनी त्याचा विचार करून निर्णय घ्यावा (१ करिंथ १४:२९). हा नियम प्रत्येक बोलणाऱ्याला लागू आहे. जो देवाच्या नावाने बोलतो आणि तपासणीस नम्रपणे सामोरा जातो, त्याचे आदराने ऐकावे. जो तपासणीच नाकारतो, त्याच्या सभेत कितीही गर्दी जमो आणि कितीही साक्षी दिल्या जावोत, आपल्या घरातील आजारी माणूस त्याच्या हवाली करू नये.