जळजळीचा इतिहास

गेल्या वर्षी मामूंना मूत्राशयाचा कॅन्सर निघाला. दुर्बिणीतून गाठ काढल्यावर डॉक्टरांनी मूत्राशयात बीसीजी सोडायचं ठरवलं. मामू बिचकले. "अरे, ही तर टीबीची लस! कॅन्सरवाल्याच्या अंगात आणखी जंतू कशाला?" त्यांना उत्तर द्यायचं म्हणून मी वाचायला बसलो.

गोष्ट १८९१ सालची. न्यूयॉर्कमधल्या विल्यम कोली या तरुण सर्जनची एक रुग्ण हाडाच्या कॅन्सरने दगावली. अस्वस्थ होऊन त्याने जुनी कागदपत्रं चाळली. मानेवर गाठ असलेल्या एकाला त्वचेचा जंतुसंसर्ग झाला होता, ताप चढला आणि गाठ विरून गेली होती. कोलीने त्या माणसाला शोधून काढलं. तो ठणठणीत होता. मग कोली मुद्दाम जंतू टोचू लागला, पुढे मारलेले जंतू. काहींच्या गाठी विरल्या, काही संसर्गानेच गेले. किरणोपचार आले आणि कोली मागे पडला.

१९७६ साली कॅनडात अल्वारो मोरालेस यांनी मूत्राशयाच्या कॅन्सरवर बीसीजीचा उपयोग दाखवला. आज पुण्याची सीरम इन्स्टिट्यूटही या उपचारासाठी बीसीजी बनवते.

पेशी दोन तऱ्हांनी मरू शकते. एक निमूट, पान गळावं तशी. तिला १९७२ साली अपॉप्टोसिस हे नाव मिळालं. दुसरी पेशी फुगते, फुटते, आतला ऐवज बाहेर सांडतो आणि रोगप्रतिकारक पेशी धावून येतात. याला २००१ साली पायरोप्टोसिस म्हटलं गेलं; 'पायरो' म्हणजे आग. २०१५-१६ मध्ये कळलं, की गॅसडर्मिन डी हे प्रथिन पेशीच्या आवरणाला भोकं पाडतं. २०२० च्या एका चिनी प्रयोगात उंदरांच्या गाठीतल्या १५ टक्क्यांहून कमी पेशी अशा फुटल्या, तरी अख्खी गाठ नाहीशी झाली.

पण आग ती आगच. निरोगी पेशी फुटल्या तर इजा होते, आणि वर्षानुवर्षं धुमसणारा दाह कॅन्सरला खतपाणीही घालतो. म्हणून हा उपचार अजून प्रयोगशाळेतच जास्त आहे.

मामूंना मी एवढंच सांगितलं, "ही लस रोग द्यायला नाही, शरीराला जागं करायला आहे." सहा आठवडे त्यांनी जळजळ सोसली. दर तीन महिन्यांनी दुर्बिणीची तपासणी असते. आदल्या रात्री घरात कुणाला झोप लागत नाही.