घर्षणजन्य उष्णता आणि वऱ्हाडातील कापसाची रेचणी

अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे क्षेत्र आणि 'लीळाचरित्रा'चे जन्मस्थान म्हणून मराठीच्या अभ्यासकांस परिचित आहे. या गावाभोवतीची काळी जमीन मात्र कापसाची आहे. आणि कापसातून सरकी वेगळी करणे, म्हणजेच रेचणी, हा मुळात घर्षणाचा प्रश्न होय. त्या प्रश्नाचा इतिहास पाहिला असता असे दिसते की, घर्षणातून निघणारी उष्णता उलट घर्षणावरच परिणाम करते, आणि यंत्राच्या वेगाला मर्यादा घालते.

हातरेच्यात दोन रूळ परस्परांविरुद्ध फिरत. तंतू घर्षणाने ओढला जाई आणि सरकी बाहेर राही. हाताच्या मंद गतीत निर्माण होणारी उष्णता अल्प असे व ती सहज निघून जाई.

1853 साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला. 1861 ते 1865 या काळातील अमेरिकेतील यादवी युद्धामुळे इंग्लंडला हिंदी कापसाची निकड भासली, आणि 1870 साली खामगावचा लोहमार्ग सुरू झाला. त्यानंतरच्या काळात वाफेवर चालणाऱ्या जिनांनी हातरेच्याची जागा घेतली. या जिनांचे मूळ अमेरिकेतील मॅकार्थी याच्या 1840 सालच्या यंत्रात आहे. त्यात चामड्याच्या रुळावर स्थिर पाते दाबून बसविलेले असते. रूळ तंतूला धरून पात्याखालून ओढतो, आणि हलते पाते सरकीला ठोकून मोकळी करते. तंतू व रूळ यांतील घर्षण तंतू व पाते यांतील घर्षणापेक्षा अधिक असले, तरच हे कार्य साधते. पकड वाढावी म्हणून दाब वाढविला की उष्णताही वाढते. वेग दुप्पट केला आणि घर्षणबल तेच राहिले, तर दर क्षणी निघणारी उष्णताही दुप्पट होते.

शास्त्रीय विचार येथवर उशिरा पोहोचला. अमाँताँ (1699) व कुलाँ (1785) यांच्या नियमांत तपमानास स्थान नव्हते. रम्फर्डने 1798 साली तोफा कोरताना घर्षणातून निघणारी उष्णता दाखविली. परंतु ती घर्षणावर काय परिणाम करते, हा निराळा प्रश्न होता. धातू उष्णता झपाट्याने वाहून नेतो. रबर व प्लॅस्टिक मात्र पोलादाच्या मानाने शेकडोपटींनी मंद वाहक आहेत. म्हणून उष्णता स्पर्शपृष्ठावरच साचते. त्यातही खरा स्पर्श काही सूक्ष्म बिंदूंपुरताच असल्यामुळे तेथील तपमान क्षणभर फार चढते.

1963 साली ग्रॉश याने रबराचे घर्षण वेग आणि तपमान या दोहोंवर कसे अवलंबून असते, हे दाखविले. वेग वाढविल्यास ते प्रथम वाढते, शिखर गाठते व मग उतरते. तपमान वाढविल्यास हा सारा वक्र अधिक वेगाकडे सरकतो. घर्षणाची स्वतःची उष्णता मोजमापात मिसळू नये म्हणून त्याने वेग मुद्दाम अत्यल्प ठेवले होते. प्रत्यक्ष यंत्रांना ही मोकळीक नसते. प्लॅस्टिकच्या बाबतीत मर्यादा अधिक कठोर आहे: नायलॉनच्या एका प्रकाराचा द्रवांक सुमारे 220 अंश सेल्सिअस आहे, आणि मऊपणा त्यापूर्वीच येतो. पृष्ठ मऊ झाले की पकड बदलते व झीज वाढते.

हा प्रश्न वऱ्हाडात केवळ पुस्तकी नाही. क्रोमने कमावलेल्या चामड्याचे रूळ झिजताना त्यांची क्रोमियमयुक्त धूळ रुईत मिसळते व कामगारांच्या श्वासातही जाते. यावर उपाय म्हणून रबर व सुती कापड यांचे रूळ पुढे आले. चामड्याऐवजी रबर आले तरी उष्णतेचा नियम बदलत नाही. रुळाची निवड करताना धूळ, पकड आणि तपमान या तिन्ही गोष्टींचा एकत्र हिशेब करावा लागतो.

'घासणे' व 'घर्षण' हे दोन्ही शब्द 'घृष्' या एकाच धातूपासून आले आहेत. हात घासला की तो तापतो, हे हातरेचा फिरविणाऱ्यांना ठाऊक होतेच. त्या तापण्याने घासण्याचे स्वरूपच पालटते, हे मात्र रबर व प्लॅस्टिक यांच्या अभ्यासाने स्पष्ट केले.