१९०६ चा कागद वाचता येतो, १९९८ ची फाइल उघडत नाही

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण ज्यांच्या संस्थेची, शाळेची किंवा पेपरची वेबसाइट आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

१९०६ साली इंग्रज सरकारने खान्देशचे दोन जिल्हे केले. पूर्व खान्देश म्हणजे आजचा जळगाव आणि पश्चिम खान्देश म्हणजे धुळे. त्या काळचा छापील मराठी कागद आज हाती आला तर पिवळा पडलेला असेल, कडा झडलेल्या असतील, पण आपण तो घडाघडा वाचतो. पुढे १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. त्या दिवसांतल्या एका साप्ताहिकाच्या पेजमेकरच्या फाइल्स माझ्याकडे सीडीवर आल्या. मजकूर कसाबसा बाहेर काढला तर इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्यांची चिन्हं यांचा नुसता काला. एक शब्द लागेना. ब्याण्णव वर्षांनी जवळचा कागद मुका आणि लांबचा बोलका, असं का झालं?

जुन्या छापखान्यात कंपोझिटर खिळे जुळवायचा. 'क' चा खिळा म्हणजे 'क'च. नव्वदच्या दशकात डीटीपी आलं, श्रीलिपी आणि कृतीदेवसारखे फॉन्ट आले. दिसायला अक्षर मराठी, पण फाइलच्या पोटात साठवलं जायचं इंग्रजी अक्षराचं चिन्ह. त्यावर फॉन्टने मराठी मुखवटा चढवायचा. फॉन्ट गेला की मुखवटा गळाला. सुरुवातीच्या मराठी वेबसाइट्सही अशाच होत्या. आधी त्यांचा फॉन्ट उतरवा, मग बातमी वाचा. शोधायला गेलं तर काहीच सापडायचं नाही.

यावरचा उपाय तसा आधीपासून होता. १९९१ ला आलेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती. विंडोज २००० पासून ती साध्या कॉम्प्युटरवर दिसू लागली. पण अक्षर मिळालं तरी पान कोण बांधणार? इथे मुक्त सॉफ्टवेअरचा इतिहास आपल्या इतिहासाला येऊन मिळतो.

बेल्जियममधल्या ड्राइस बायटार्ट नावाच्या विद्यार्थ्याने मित्रांसाठी एक छोटी साइट बनवली. नाव द्यायचं होतं 'डॉर्प', डच भाषेत म्हणजे गाव. टाइप करताना अक्षरं उलटीपालटी झाली आणि 'ड्रॉप' झालं. थेंबाला डच शब्द 'ड्रुपल', त्यावरून २००१ मध्ये 'ड्रुपल' हे सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी खुलं झालं. परदेशातल्या नि इथल्या मराठी माणसांनी ते उचललं. २००४ चं मनोगत, २००७ चं मिसळपाव ड्रुपलवर उभं राहिलं. १९९६ पासून चालू असलेली मायबोलीही पुढे त्यावरच आली. या साइट्सच्या पत्त्यात 'नोड' असा शब्द आणि पुढे आकडा दिसतो ना, ती ड्रुपलची खूण. गाव म्हणायला गेलेल्या सॉफ्टवेअरने मराठीला खरोखर गावं वसवून दिली. तिथला बराच मजकूर आजही वाचता येतो, शोधता येतो.

आमच्यासारख्या छोट्या पत्रकारांच्या वाट्याला मात्र वर्डप्रेस आलं. २७ मे २००३ ला मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी त्याची पहिली आवृत्ती काढली, तीही 'बीटू' नावाच्या बंद पडत चाललेल्या सॉफ्टवेअरच्या पायावर. मूळ लेखकाने बीटू मुक्त परवान्याखाली ठेवलं होतं, म्हणून दुसऱ्याला ते पुढे नेता आलं. फेब्रुवारी २००५ मध्ये त्यात 'थीम' आली. म्हणजे मजकूर एका जागी डेटाबेसमध्ये आणि त्याचं रूप वेगळ्या फोल्डरमध्ये. छापखान्याच्या भाषेत सांगायचं तर बातमी तीच, फर्मा बदलता येतो.

मी हे शिकलो ते नाइलाजाने. पत्रकारितेच्या डिप्लोमात कोडिंगचा एक तासही नव्हता. मी काम करत होतो त्या साप्ताहिकाची साइट एका माणसाने बनवून दिली होती. डोमेन त्याच्या नावावर, पासवर्ड त्याच्याकडे. एके दिवशी त्याने फोन उचलणं बंद केलं, मुदत संपली आणि सहा वर्षांच्या बातम्या गेल्या. तापीच्या पुराच्या, केळीच्या भावाच्या, पालिकेच्या सभांच्या. त्यानंतर मी अमळनेरच्या घरी रात्री जेवण झाल्यावर कॉम्प्युटरसमोर बसू लागलो.

साधी थीम उभी करायला दोनच फाइल्स लागतात. एक रंगरूपाची स्टाइल फाइल आणि एक इंडेक्स. एकट्या बातमीचं पान हवं तर तिसरी, जुन्या बातम्यांची यादी हवी तर चौथी. दुसऱ्याची थीम घेऊन तिच्यात ढवळाढवळ करायची नाही, तिची 'चाइल्ड थीम' काढायची. म्हणजे मूळ थीमचं अपडेट आलं तरी आपलं काम पुसलं जात नाही. एवढं कळायला मला दोन महिने लागले, पण त्यानंतर कुणापुढे हात पसरावा लागला नाही.

खरी गोम मराठीची आहे, आणि ती इंग्रजी धड्यात सापडत नाही. डेटाबेसचं अक्षर-कोष्टक चुकलं की सगळ्या मथळ्यांची प्रश्नचिन्हं होतात, आणि ती पुन्हा अक्षरं होत नाहीत. पानाची भाषा 'मराठी' अशी नोंदवली तरच चांगले फॉन्ट 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे दाखवतात, नाहीतर हिंदी वळण येतं. मराठी मथळा पत्त्यात गेला की एकेका चिन्हाची नऊ अक्षरं होतात. वर्डप्रेस पत्त्याला दोनशेच अक्षरं देतं, म्हणून आपला मथळा वीस-बावीस चिन्हांवर तुटतो. यावर उपाय म्हणजे पत्ता छोटा, स्वतः ठरवून द्यायचा. थीममधलं 'रीड मोअर' मराठीत 'पुढे वाचा' दिसतं ते कुठल्या कंपनीमुळे नाही. स्वयंसेवकांनी एकेक वाक्य बसून भाषांतरित केलंय.

आता तुम्ही म्हणाल, भाऊ, फेसबुक आहे की, वेबसाइट कशाला? ऑर्कुटवर मराठीचे किती कट्टे होते आठवतंय? ३० सप्टेंबर २०१४ ला ते बंद झालं. आपण भाडेकरू होतो, मालकाने कुलूप लावलं. ही पोस्टसुद्धा मी भाड्याच्या ओट्यावर बसूनच लिहितोय. तिची मूळ प्रत माझ्या साइटवर आहे.

आपल्या खान्देशला ही गोष्ट नवीन नाही. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव फिरून दप्तरं गोळा करत राहिले, 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' चे बावीस खंड काढले आणि १९२६ ला धुळ्यात गेले. त्यांचा संग्रह धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाने सांभाळला. आमच्या अमळनेरला साने गुरुजी प्रताप हायस्कूलच्या छात्रालयात मुलांसाठी हाताने दैनिक लिहून काढायचे. पुढे त्यांनी 'विद्यार्थी' मासिक आणि १९३८ मध्ये 'काँग्रेस' साप्ताहिक काढलं. छापखाना मिळेपर्यंत ते थांबले नाहीत. एकाने जपलं, दुसऱ्याने स्वतःच्या हाताने काढलं. आपल्याला आज ही दोन्ही कामं करायची आहेत, आणि त्यासाठीचं हत्यार फुकट आहे.

म्हणून तीन कामं या आठवड्यात करा. आपल्या संस्थेचं डोमेन कुणाच्या नावावर आहे ते बघा. साइटच्या डेटाबेसची एक प्रत घरच्या हार्डडिस्कवर उतरवा. आणि जुन्या फॉन्टमधल्या फाइल्स असतील तर तो फॉन्ट आणि ते सॉफ्टवेअर चालू आहे तोवर मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या. छापील अंक रद्दीत देऊ नका, अनेक ठिकाणी आता तोच एक पुरावा उरलाय.

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कॉलेजमधली पोरं शिकायला तयार असतील तर रविवारी सकाळी मी शिकवतो. फी नाही. फक्त येताना आपल्या गावाबद्दलचा एक जुना मजकूर घेऊन या. पहिली थीम त्याच्यासाठीच बांधू.